मळ्यावर दिलेला कुत्रा

नगर शहरांत, ज्याचें सरकारदप्तरीं आतां अहिल्यानगर असें नांव झालें आहे, सायंकाळीं एका वाचनालयाच्या ओट्यावर आम्ही चार-सहा मंडळी जमतों. पाऊसपाणी, साखर कारखाने, नव्या पुस्तकांची रड आणि परदेशीं गेलेल्या मुलांची ख्यालीखुशाली हे आमचे ठरलेले विषय. गेल्या दिवाळीच्या सुमारास या ठरलेल्या विषयांत एका कुत्र्यानें शिरकाव केला, आणि तो अद्यापि बाहेर पडलेला नाहीं. माझा एक जुना विद्यार्थी, व्यवसायानें अभियंता, नोकरीनिमित्त सहकुटुंब जर्मनींत गेला. तो गेला याचें कोणास नवल वाटलें नाहीं. आतां गल्लीगणिक एक तरी जातोच. नवल याचें वाटलें कीं, सहा वर्षें घरांत वाढविलेला एक तांबूस रंगाचा गांवठी कुत्रा त्यानें बरोबर नेला. त्यासाठीं पत्नी चार-पांच महिने मागें राहिली, मुंबईच्या फेऱ्या झाल्या, आणि कुत्र्याच्या प्रवासाचा खर्च नवराबायकोच्या तिकिटांहून अधिक होऊन लाखांच्या घरांत गेला.

ओट्यावर या गोष्टीचा जो निकाल लागला तो एकमुखी होता. आमच्यांतील एका वकील गृहस्थांनीं तो तीन कलमांत मांडला. पहिलें कलम असें कीं, ज्या जिल्ह्यांत उन्हाळा आला म्हणजे गांवेंच्या गांवें टँकरची वाट पाहत बसतात, तेथील माणसानें कुत्र्यावर लाख रुपये उधळणें हा निव्वळ माज आहे. दुसरें असें कीं, हें कुत्र्यांचें खूळ मूळचें साहेबाचें. साहेब गेला, खूळ मात्र ठेवून गेला. आणि तिसरें कलम सांगतांना त्यांचा आवाज चढला: म्हातारे आईबाप सावेडींत ठेवावयाचे आणि कुत्र्याला विमानांत बसवावयाचें, ही कोणती संस्कृति? मंडळींनीं माना डोलावल्या. मला त्या वेळीं चटकन् उत्तर सुचलें नाहीं. वर्गांत तासभर अखंड बोलण्याची संवय असलेल्या माणसाचें ओट्यावर असेंच होतें. तें उत्तर आज येथें देत आहें. तें जुळवितांना मला असें आढळून आलें कीं, माझें भांडण वकीलसाहेबांशीं जेवढें आहे त्याहून अधिक तें दुसऱ्याच एका वर्गाशीं आहे. आणि तो वर्ग म्हणजे मोठ्या हौसेनें कुत्रीं पाळणारा आपला सुशिक्षित समाज.

प्रथम हें कुत्र्याचें परदेशगमन म्हणजे काय प्रकरण आहे तें सांगितलें पाहिजे, कारण निंदकांना आणि हौशी लोकांना, दोघांनाहि त्याची बहुधा कल्पना नसते. युरोपीय संघाच्या देशांत भारतांतून कुत्रा न्यावयाचा म्हणजे प्रथम त्याच्या कातडीखालीं पंधरा आंकडी क्रमांकाची मायक्रोचिप बसवावी लागते. त्यानंतर रेबीजची लस. चिपच्या आधीं टोंचलेली लस हिशेबांत धरीत नाहींत, कारण ती याच कुत्र्याला टोंचली यास पुरावा कोणता? माझ्या विद्यार्थ्याच्या कुत्र्याला सहा वर्षें नेमानें लस दिलेली होती. चिप तेवढी नव्हती. आणि म्हणून सहा वर्षांचा नेम कागदावर शून्य ठरला. लस दिल्यावर निदान तीस दिवसांनीं रक्ताचा नमुना घेऊन तो संघानें मान्य केलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवावयाचा. रक्तांतील प्रतिपिंडांचें प्रमाण दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक तरी भरलें पाहिजे. आणि तें भरलें तरीहि नमुना घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबावयाचें. म्हणजे चार महिने हे झालेच. मग पशुवैद्याचा आरोग्यदाखला, आणि त्यावर केंद्र सरकारच्या पशु-विलगीकरण केंद्राचा दाखला. अशीं केंद्रें दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर व हैदराबाद येथें आहेत. नगरकराला त्यांतल्या त्यांत मुंबई जवळची. शेवटीं पिंजरा. कुत्र्याला उभें राहतां, वळतां आणि अंग पसरतां येईल एवढा तो असावा लागतो, आणि त्यांत निजण्याची संवय आठवडेच्या आठवडे आधीं लावावी लागते. कारण गुंगीचें औषध देऊन कुत्रा विमानांत घालणें धोक्याचें असतें.

इतर देशांची तऱ्हा याहून सोपी नाहीं. अमेरिकेनें १ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम लागू केले असून रेबीजच्या दृष्टीनें अधिक धोक्याच्या देशांच्या यादींत भारताचा समावेश केला आहे. त्यामुळें भारतांत लस घेतलेल्या कुत्र्याला चिप, दाखले आणि तिकडच्या नोंदलेल्या पशुकेंद्रांत आधीं राखून ठेवलेली जागा यांशिवाय तेथें प्रवेश मिळत नाहीं. आणि रक्ताचा अहवाल नसल्यास अठ्ठावीस दिवस विलगीकरणांत काढावे लागतात. ऑस्ट्रेलिया तर भारतांतून थेट आलेला कुत्रा घेतच नाहीं. त्यानें आधीं एखाद्या मान्य देशांत कांहीं महिने वास्तव्य केलें पाहिजे. इंग्लंडनें १८९७ पासून कुत्र्यांच्या आयातीवर कडक बंधनें घातलीं, १९०२ सालीं रेबीज आपल्या बेटांतून घालवून दिला, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो परत आला तेव्हां पुन्हां चार वर्षें झगडून घालविला, आणि मग बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने कोंडून ठेवण्याची रीत पिढ्यान् पिढ्या पाळली. भारतांतून जाणाऱ्या कुत्र्यांपुरता हा वनवास २०११ च्या अखेरपर्यंत चालू होता.

आतां पहिलें कलम घेऊं. दुष्काळी जिल्ह्यांत कुत्र्यावर पैसा खर्च करणें हें पाप, असें म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. हा टँकर आपल्याला कुत्र्याच्याच वेळीं कां आठवतो? ज्या महिन्यांत हा निकाल लागला त्याच महिन्यांत त्याच ओट्यावर एका लग्नाचें रसभरित वर्णन झालें होतें. त्यांत अडीच हजार पानें उठलीं, आकाशांत दारूकाम झालें, आणि नवरदेव कशावरून उतरला याचीहि चर्चा झाली. पारनेर-पाथर्डीच्या टँकरचें नांव त्या दिवशीं कोणीं काढलें नाहीं. आपण दुष्काळग्रस्तांची कड तेव्हांच घेतों, जेव्हां आपल्याला न आवडणारा खर्च दुसरा कोणी करीत असतो. आपल्याला आवडणाऱ्या खर्चाच्या वेळीं तेच दुष्काळग्रस्त आपल्या नजरेआड होतात. हा गरिबांचा कळवळा नव्हे. ही गरिबांची उसनवारी आहे.

तरी पण या कलमांत सत्याचा एक अंश आहे, आणि तो मी नाकारीत नाहीं. त्या खर्चांतला बराचसा भाग घाईचा दंड होता. चिप आणि रक्ततपासणी हीं कामें कुत्रा पिलूं असतांना सवडीनें करतां येतात. पुढची प्रत्येक लस मुदत न चुकवितां दिली तर युरोपीय संघ तीच एक तपासणी कुत्र्याच्या जन्मभर ग्राह्य मानतो. ज्या घरांतील तरुण परदेशीं जाण्याचीं स्वप्नें पाहत परकी भाषेच्या शिकवण्या लावतात, त्या घरांत कुत्र्याच्या कागदांचा विचार मात्र व्हिसा हातीं पडल्यावर सुरू होतो. व्हिसा आठवड्यांत मिळतो, कुत्र्याचें रक्त महिने मागतें. आणि या दोहोंमधलें अंतर पैशानें भरून काढावें लागतें, किंवा मग कुत्र्यानें.

दुसरें कलम साहेबी खुळाचें. हें कलम मांडणाऱ्यांचें इंग्रजी उत्तम असतें, पण रामायण-महाभारत पाठ नसावें असें दिसतें. भरत आजोळाहून अयोध्येस निघाला तेव्हां केकयराजानें त्याला ज्या भेटी दिल्या, त्यांत राजवाड्यांत वाढलेले, वाघासारख्या बळाचे मोठमोठे कुत्रे होते, असें अयोध्याकांडांत स्पष्ट म्हटलें आहे. म्हणजे मुक्काम हलवितांना कुत्रे बरोबर नेण्याची चाल आपल्याकडे कोणा गोऱ्या साहेबानें आणली नाहीं. हिरोडोटसनें बाबिलोनच्या इराणी सुभेदाराविषयीं लिहितांना नमूद केलें आहे कीं, त्याच्यापाशीं हिंदुस्थानी कुत्रे इतके होते कीं, त्यांच्या पोटाची तजवीज करण्याच्या अटीवर चार मोठीं गांवें इतर करांतून मुक्त केलेलीं होतीं. तेव्हां आपला कुत्रा परदेशीं जाऊं लागला त्याला अडीच हजार वर्षें होत आलीं. विमान तेवढें नवें. दत्ताच्या तसबिरींत चार कुत्रे असतात आणि त्यांना चार वेद म्हणण्याची आपली परंपरा आहे. खंडोबाच्या पायांशीं कुत्रा असतो. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असतात. मुधोळच्या शिकारी कुत्र्यांना तर भारतीय टपाल खात्यानें २००५ सालीं तिकिटावर स्थान दिलें.

पण पोथ्यांकडे तरी कशाला जावयाचें? दिवाळी सरली म्हणजे आपल्याच जिल्ह्यांतले पारनेरकडचे धनगर मेंढरें घेऊन कोंकणाची वाट धरतात. त्यांचें बिऱ्हाड घोड्यावर असतें. त्या घोड्यावर भांडीं असतात, घोंगड्या असतात, चालतां न येणारीं कोंकरें असतात, आणि त्यांच्याच शेजारीं कुत्र्यांचीं पिलें असतात. मोठीं कुत्रीं कळपाबरोबर चालतात. ऊसतोडीला निघालेल्या शेवगांव-पाथर्डीच्या गाड्या आठवा. गाडीखालून चालणारें कुत्रें ही आपल्या भाषेंतली थट्टेची म्हण आहे खरी, पण तें कुत्रें गाडीखालीं आहे, गांवांत उपाशी राहिलेलें नाहीं, इकडे आपलें लक्ष जात नाहीं. ज्यांच्यापाशीं घर नाहीं ते घर हलवितांना कुत्रा मागें ठेवीत नाहींत. तो मागें ठेवण्याची कल्पना सुचण्यासाठीं माणसाला बरेंच शिक्षण आणि बऱ्यापैकीं पगार लागतो.

आतां तिसरें कलम, जें खरोखर लागण्यासारखें आहे. आईबाप मागें आणि कुत्रा बरोबर. या आक्षेपाचा मूळ कर्ता वकीलसाहेब नव्हेत. तो आक्षेप प्रथम इंद्रानें घेतलेला आहे. महाप्रस्थानिक पर्वांत द्रौपदी आणि चारहि भाऊ वाटेंत पडल्यावर युधिष्ठिराबरोबर एक कुत्रा तेवढा उरतो. इंद्र रथ घेऊन येतो व म्हणतो कीं, कुत्रेवाल्यांस स्वर्गांत जागा नाहीं, याला सोडून दे. युधिष्ठिर नकार देतो. आपल्या आश्रयानें राहिलेल्याचा त्याग तो ब्रह्महत्येच्या तोलाचा मानतो. तेव्हां इंद्र वकिली करून विचारतो कीं, भावांना सोडलेंस, बायकोला सोडलेंस, मग या कुत्र्यालाच कां सोडीत नाहींस? त्यावर युधिष्ठिराचें उत्तर असें कीं, ते मेल्यावर मीं त्यांना सोडलें. जिवंतपणीं सोडलें नाहीं.

येथवर सर्व ठीक आहे. परंतु प्रामाणिकपणें सांगावयाचें तर हें उत्तर जर्मनीला जाणाऱ्या मुलास उसनें घेतां येत नाहीं, कारण त्याचे आईबाप जिवंत आहेत. म्हणून मी पोथी मिटली आणि सरळ त्याच्या आईकडे गेलों. चहा झाल्यावर भीतभीतच विषय काढला. त्या म्हणाल्या, "सर, मला त्यानें चल म्हटलें होतें. मी नाहीं म्हटलें. मला नाहीं म्हणतां येतें. त्या मुक्याला येत नाहीं." आणि थोड्या वेळानें, "तो इथें राहिला असता तर रोज सहाच्या ठोक्याला फाटकाशीं जाऊन बसला असता. बाळ यायची वेळ ती. मीं दुःख केलें तर तें मला कळतें तरी. त्याचें बसणें मला रोज बघावें लागलें असतें."

या बाईंनीं जो भेद सांगितला तोच या प्रश्नाचा गाभा आहे. माणसाशीं वियोगाची बोलणी करतां येते. त्याला कारण सांगतां येतें, मुदत सांगतां येते, फोनवर मुलाचा चेहरा दाखवितां येतो. कुत्र्याला कारण कळत नाहीं, मुदत कळत नाहीं. त्याच्या लेखीं माणूस एक तर आहे किंवा नाहीं. शिवाय वकीलसाहेबांना मी विचारतों: जे कुत्रा नेत नाहींत, ते काय आईबापांना नेतात? कुत्रा मागें ठेवल्यानें वृद्धांचा एकांत रतीभरहि कमी होत नाहीं. उलट बहुतेक ठिकाणीं त्या कुत्र्याचा साखळदंड त्याच वृद्धांच्या हातीं येतो. सत्तरी उलटलेले, गुडघ्यांनीं अधू झालेले गृहस्थ मुलाचा धिप्पाड लॅब्रडॉर सांवरीत सकाळीं रस्त्यानें ओढले जात असतांना मीं पाहिले आहेत. आईबापांना एकटें ठेवण्याचा प्रश्न खरा आहे, मोठा आहे, आणि त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल. पण ज्याला त्या प्रश्नाची चाड आहे त्यानें तो प्रश्न म्हणून मांडावा. कुत्र्याला मारावयाची काठी म्हणून वापरूं नये.

वकीलसाहेबांचा परामर्श येथें संपला. आतां ज्यांच्याशीं माझें खरें भांडण आहे त्यांच्याकडे वळतों.

माझा विद्यार्थी हा अपवाद आहे. नियम काय आहे तो मी सांगतों. नियम म्हणजे, "कुत्र्याचें काय केलें?" या प्रश्नाचें आपल्या शहरांतलें ठरलेलें उत्तर: "मळ्यावर दिला." किती गोड शब्द आहेत! ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें हिरवेंगार शेत, वाहता पाट आणि मोकळा बागडणारा कुत्रा उभा राहतो. देणाऱ्याला असें वाटतें कीं, आपण एका जीवाला बंदिवासांतून सोडविलें. मीं अशा दिलेल्या कुत्र्यांपैकीं कांहींची चौकशी केली आहे. गादीवर निजलेला, दूधभातावर वाढलेला, वीज चमकली तरी पलंगाखालीं शिरणारा कुत्रा विहिरीजवळच्या खांबाला बांधला जातो. मळेवाला निर्दय नसतो. त्याला राखणदार हवा असतो आणि त्याच्या हातीं पाहुणा येतो. पाहुणा चार दिवस जेवत नाहीं. पुढें जेवूं लागतो, नाहीं तर दोर तोडून घराच्या दिशेनें चालूं लागतो. त्या घराला कुलूप असतें.

आणि मळ्यांत केवळ मळेवालाच राहत नाहीं. आपल्या जिल्ह्याच्या उसांत बिबट्या वस्तीला आहे, हें अकोले, संगमनेर, राहुरीकडील कोणासहि सांगण्याची जरूर नाहीं. अकोले भागांतील बिबट्यांच्या आहाराचा शास्त्रीय अभ्यास दहाएक वर्षांपूर्वीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें निघालें कीं, वजनाच्या हिशेबानें त्यांच्या भक्ष्यांत सर्वांत मोठा वाटा, शेंकडा ३९, कुत्र्यांचा आहे. गांवच्या कुत्र्याला निदान बिबट्याचा वास ओळखतां येतो. शहरांतून "मोकळ्या हवेंत" पाठविलेल्या कुत्र्याला तेंहि शिकविलेलें नसतें. "मळ्यावर दिला" या चार अक्षरी आणि दोन अक्षरी शब्दांच्या पोटांत कधीं कधीं एवढा मजकूर असतो.

ज्यांना मळाहि मिळत नाहीं ते कुत्रा हमरस्त्यावर उतरवून गाडीची कांच वर करतात. कायद्यानें हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमांत, उपासमार होईल अशा स्थितींत प्राण्याला टाकून देणें हें क्रौर्यांत मोडतें. आणि पहिल्या अपराधाला दंड ठेवला आहे दहा ते पन्नास रुपये. रिक्षानें चार चौक ओलांडावयाचे तरी याहून अधिक पडतात. ज्या देशांत विश्वासघाताचा दर हा आहे, तेथें कुत्र्याला विमानानें नेणारा माणूस वेडा दिसावा यांत आश्चर्य नाहीं.

मूळ दोष मात्र जाण्याच्या दिवशीं घडत नाहीं; तो आणण्याच्या दिवशीं घडलेला असतो. नगरच्या वैशाखांत पारा चाळिशीच्या वर जातो, आणि त्याच नगरांत सैबेरियाच्या बर्फांत गाडी ओढण्यासाठीं निपजलेला हस्की जातीचा कुत्रा थंड हवेच्या यंत्रापुढें जीभ काढून पडलेला असतो. चपट्या नाकाचे पग आणि बुलडॉग मुलांच्या हट्टासाठीं आणले जातात. या जातींना श्वासाचा जन्मजात त्रास असल्यामुळें कित्येक विमान कंपन्या त्यांना घेत नाहींत, हें कळतें तें घर विकल्यावर. पिटबुल पाळणें ही मर्दुमकी समजणाऱ्या तरुणांना हें ठाऊक नसतें कीं, जर्मनीनें २००१ सालीं आणि इंग्लंडनें १९९१ सालीं ती जात आणण्यास बंदी केलेली आहे. पिलूं घेतांना त्याचा रंग पाहतात, वंशावळ पाहतात, किंमत पाहतात. स्वतःच्या पुढच्या दहा-बारा वर्षांकडे कोणी पाहत नाहीं. कुत्र्याचें आयुष्य तेवढें असतें. आजकालची नोकरी तेवढी टिकत नाहीं.

या बाबतींत १९–२० वर्षांचीं मुलें प्रौढांहून शहाणीं निघालेलीं आपण पाहिलीं आहेत. २०२२ च्या फेब्रुवारींत युक्रेनवर हल्ला झाला तेव्हां तेथें वैद्यकी शिकणारे भारतीय विद्यार्थी जीव घेऊन निघाले. केरळची एक विद्यार्थिनी आपल्या कुत्र्याच्या पिलाला घेऊन सरहद्दीकडे चालत निघाली; दुसऱ्या एका विद्यार्थ्यानें कुत्र्याला परवानगी मिळाल्याशिवाय विमानांत बसणार नाहीं असें सांगितलें. तेव्हांहि आपल्याकडे तीच हेटाळणी झाली: येथें माणसें मरताहेत आणि यांना कुत्रें सुचतें. पण केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानें नियम एकवेळ शिथिल केले आणि तीं जनावरें मुलांबरोबर भारतांत आलीं. कोणा माणसाची जागा त्यांनीं हिरावून घेतली नाहीं. बाँब पडत असतां ज्यांना कुत्रा सोडवला नाहीं त्यांच्या शेजारीं, बढतीचें पत्र आल्यावर कुत्रा मळ्यावर देणारा गृहस्थ उभा करून पाहावा, म्हणजे कोणाचें मन ठिकाणावर आहे तें कळेल.

आणखी एक गोष्ट कुत्रेवाल्यांनाच सांगावयाची आहे. ती त्यांना आवडणार नाहीं. परदेशच्या नियमांविरुद्ध ते फार कुरकुरतात. "आमचा कुत्रा काय रोगी आहे?" असें विचारतात. तुमचा कुत्रा रोगी नाहीं. पण ज्या गल्लींतून तो आला ती गल्ली संशयित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें जगांत दरवर्षीं सुमारें ५९,००० माणसें रेबीजनें मरतात. भारतांतील आंकडा पूर्वीं वीस हजारांच्या आसपास धरीत; भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अलीकडील पाहणीवरून तो वर्षाला ५,७०० च्या सुमारास असावा असें दिसतें. कमी झाला हें चांगलेंच. पण एकदां लक्षणें दिसल्यावर ज्यावर उपाय नाहीं, आणि लक्षणांपूर्वीं ज्यावर खात्रीचा उपाय आहे, अशा रोगानें पांच हजार माणसें मरावीं ही लाजेचीच गोष्ट आहे. उपाय गुप्त नाहीं. एखाद्या भागांतील शेंकडा सत्तर कुत्र्यांना लस टोंचली म्हणजे रोगाची सांखळी तुटते. गोव्यानें २०१४ पासून गल्लोगल्ली जाळीं घेऊन फिरून हें केलें आणि २०२१ सालीं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून तें जाहीर झालें. केंद्र सरकारनेंहि २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज नाहींसा करण्याची योजना २०२१ मध्येंच कागदावर आणली आहे.

आतां पाहा. स्वतःच्या एका कुत्र्याच्या रक्ताचा नमुना परमुलुखीं पाठविण्यासाठीं हजारों रुपये मोजणारा माणूस आपल्या कोपऱ्यावरच्या सहा कुत्र्यांना लस टोंचली आहे कीं नाहीं याची चौकशी करतो काय? नगरसेवकाला कधीं तरी विचारतो काय? ऑगस्ट २०२५ मध्यें दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांविषयीं सर्वोच्च न्यायालयानें प्रथम एक हुकूम दिला आणि थोड्याच दिवसांत तो बदलला, तेव्हां देशभर दोन तट पडले. एक म्हणे सर्व कुत्रे कोंडा, दुसरा म्हणे एकाला हात लावूं नका. लस टोंचावयास मात्र दोहोंपैकीं फारसें कोणी पुढें आलें नाहीं. आपलें श्वानप्रेम घराच्या फाटकाशीं संपतें, आणि म्हणूनच परक्या देशाच्या फाटकाशीं आपला कुत्रा अडतो. सीमेवर जो हिशेब मागितला जातो तो कुत्र्याचा नसून आपल्या नगरपालिकांचा असतो. कुत्रा बिचारा जामीन राहतो.

याचा अर्थ प्रत्येकानें प्रत्येक कुत्रा विमानांत घातलाच पाहिजे असा मी आग्रह धरीत नाहीं. तेरा वर्षांचा, हृदयविकारानें खंगलेला कुत्रा चौदा तास मालाच्या कोठींत डांबणें हें प्रेम नव्हे. तें स्वतःच्या मनाचें समाधान आहे. ऑस्ट्रेलियाला निघालेल्यास कुत्र्यासाठीं तिसऱ्या देशांत महिनेच्या महिने सोय करावी लागेल; तें सर्वांस शक्य नाहीं. दोन वर्षांनीं परतणाऱ्यानें कुत्र्याला दोनदां हा सासुरवास घडविण्यापेक्षां ज्या घराला तो ओळखतो तेथें ठेवणें शहाणपणाचें. पण ठेवणें आणि टाकणें यांत फरक आहे. ठेवणारा सहा महिने आधीं घर शोधतो, कुत्र्याला तेथें चार वेळां राहवून आणतो, खाण्याचा व डॉक्टरचा खर्च दरमहा पाठवितो, आणि तेथून वाईट बातमी आली तर ती ऐकून घेण्यास तयार असतो. टाकणारा "मळ्यावर दिला" म्हणतो आणि पुन्हां चौकशी करीत नाहीं. कारण उत्तर काय येईल तें त्याला ठाऊक असतें. ज्याच्यानें नेणेंहि होणार नाहीं आणि ठेवणेंहि होणार नाहीं, त्यानें पिलूं आणूं नये. मुलांनीं कितीहि हट्ट केला तरी आणूं नये. मुलांना कुत्रा न देणें हा त्यांच्यावर अन्याय नाहीं. आवडता जीव अडचण झाला म्हणजे देऊन टाकावयाचा असतो हा धडा त्यांना डोळ्यांदेखत देणें हा मात्र फार मोठा अन्याय आहे. हीच मुलें पुढें मोठीं होतात, आणि त्या वेळीं घरांतली अडचण कुत्रा नसतो. वकीलसाहेबांच्या तिसऱ्या कलमाचें खरें उत्तर, मला वाटतें, येथें आहे. कुत्र्याला सोडतांना ज्याचा हात कांपला नाहीं त्याच्या हातीं म्हातारपणीं आपला हात द्यावयाचा आहे, हें आईबापांनींच लक्षांत ठेवावें.

माझ्या विद्यार्थ्याचें पत्र परवां आलें. तिकडे नगरपालिका कुत्र्यावर कर घेते. तो त्यानें भरला. कुत्रा पहिले आठ दिवस थंडीनें दारांतच बसे, आतां बर्फांत लोळतो. आईशीं फोनवर बोलणें सुरू झालें म्हणजे तो कान टंवकारून घरभर तिला शोधतो, आणि मग थकून निजतो. तेंहि त्याच्या आईनें मला सांगितलें. सांगतांना डोळे पुसले. वियोग टळला असें मी म्हणत नाहीं. एका मुक्या जीवाच्या वांट्याला तो जेवढा यावयाचा होता त्यापेक्षां कमी आला, एवढेंच झालें. आणि तेवढ्यासाठीं खर्चलेला पैसा मला तरी वायां गेलेला वाटत नाहीं. पुढच्या दिवाळीनंतर पारनेरकडचे कळप घाटाकडे निघतील तेव्हां वकीलसाहेबांना घेऊन मी रस्त्यावर उभा राहणार आहें. घोड्यावरच्या त्या बिऱ्हाडांतून भांड्यांशेजारीं एखादें पिलूं डोकें बाहेर काढील. त्याचा खर्च किती येतो, हें त्यांनीं त्या धनगराला विचारून पाहावें.